पेन्सिलीनं लिहिलेली नावं

६ जानेवारी, मंगळवार

मोठे साहेब येऊन गेले. वर्षातून एकदा येतात, खुर्ची रुमालानं पुसून बसतात आणि आम्हाला आकडे शिकवतात. म्हणाले, "तुमच्या केंद्रात शंभर गरोदर बायकांमधल्या अकरा जणी पहिल्या तीन महिन्यांत नाव नोंदवतात. पुलापलीकडच्या केंद्रात त्रेसष्ट. असं का?" मी म्हटलं, "साहेब, तिकडच्या बायका शहाण्या असतील." त्यांना हसू आलं नाही. साहेबलोकांना दुसऱ्याच्या विनोदावर हसायची सवय नसते.

मग एक वही पुढ्यात टाकली. उशिरा येणाऱ्या प्रत्येक बाईला कारण विचारायचं आणि लिहायचं. मार्चअखेर आकडा वर आला नाही तर खिडकीवर दुसरं कोणीतरी बसेल आणि मी औषधांच्या गोदामात. बावीस वर्षं खिडकी सांभाळलेल्या बाईनं खोकी मोजायची! साहेबांच्या वहीत जे लिहिता येणार नाही ते लिहायला ही दुसरी वही मी येताना विकत आणली.

आजची कारणं. पहिली, पाचवा महिना: "ठाऊकच नव्हतं." शेजारणीच्या घरात काय शिजतंय ते ठाऊक असतं, स्वतःच्या पोटातलं नसतं. दुसरी, सहावा: "वेळ नव्हता." तिसरी जमिनीकडे बघत राहिली. "लाजाळू" असं लिहून टाकलं. चौथं मूल, आणि लाज!

आमचा नोंदणीचा वार मंगळवार. व्हरांड्यात दोन लांब बाकं, समोर माझी खिडकी, काचेला वाटीएवढं भोक. बाकांवर तापाचे पेशंट असतात, बायकांच्या सासवा असतात, आणि बसची वाट बघणारे दोनचार रिकामटेकडे सावलीला म्हणून येऊन बसतात. बाई वाकून भोकातून बोलते. मी विचारते, ती सांगते, मी तेच मोठ्यानं परत सांगते, आणि खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला बसलेली सिस्टर ते कार्डावर उतरवते. नाव, कितवा महिना, आधीची किती, जगलेली किती, गेलेली किती. एका बाईला दोन मिनिटं. मागं मला भोंगा म्हणतात ते माहीत आहे. म्हणोत. आवाज खणखणीत आहे म्हणून बावीस वर्षांत एक कार्ड चुकलेलं नाही.

वेळेवर नाव लावणं म्हणजे काय ते आमच्या घरी येऊन बघावं. गेल्या वर्षी सूनबाईंचं नाव मी सहाव्या आठवड्यात लावलं. रजिस्टरात वर्षातला पहिला नंबर. अख्ख्या व्हरांड्याचं तोंड गोड केलं. पुढं ते टिकलं नाही, तो भाग वेगळा.

९ जानेवारी, शुक्रवार

डॉक्टरीणबाईंनी शोध लावला. सिस्टरचं टेबल माझ्या शेजारी आणून ठेवायचं, म्हणजे मला मोठ्यानं सांगावं लागणार नाही. मी म्हटलं, "बाई, मग जुन्या फॉर्मचं कपाट उघडणार नाही." त्या म्हणाल्या, "ते कपाट शेवटचं कधी उघडलं होतं?" असल्या प्रश्नांना मी उत्तर देत नसते. येऊन आठ महिने झाले नाहीत, निघाल्या टेबलं हलवायला.

१५ जानेवारी, गुरुवार

सूनबाईंनी छापखान्यातून रजा घेतली. आईचे गुडघे दुखतात, तिला डॉक्टरकडे न्यायचंय म्हणे. सकाळी नऊच्या बसनं गेली ती चारला आली, चेहरा उतरलेला. हातात गोळ्यांचं पाकीट. मी विचारलं, "गुडघ्याच्या का?" "हो," म्हणाली आणि पर्समध्ये कोंबलं. आईच्या गोळ्या हिच्या पर्समध्ये कशाला, एवढं साधं मी विचारू शकले असते. सोडून दिलं. मी काही खोदून विचारणाऱ्यातली सासू नाही.

परवापासून छापखान्यातल्या शाईचा वास सहन होत नाही अशीही एक तक्रार आहे. चार वर्षं त्या शाईत हात घालून बसली, तेव्हा नाक नव्हतं वाटतं.

२४ जानेवारी, शनिवार

आता स्वयंपाकात मीठच नसतं. भाजी तोंडात घातली तर गवत. मी म्हटलं, "विसरलीस का?" तर बाईसाहेबांनी मिठाची बरणी आणून माझ्यासमोर ठेवली, ठक्कन. "ज्याला हवं त्यानं वरून घ्यावं," म्हणाली. कुठल्या तरी मासिकात वाचलं असणार.

चिरंजीवांचं तर बोलूच नये. ज्या माणसानं लहानपणापासून पाण्याचा तांब्या स्वतः भरून घेतला नाही, तो आता दोन जिने पाण्याच्या बादल्या चढवतो. बायको नुसती बघते. मी म्हटलं, "हमाली कधीपासून लागली?" हसला आणि दुसरी बादली आणायला गेला. बायकोनं पुरता मुठीत घेतलाय.

२७ जानेवारी, मंगळवार

आज खिडकीवर तमाशा. चौकातल्या शिंप्याची बायको आली, चौथा महिना. तिच्या मानानं लवकरच म्हणायचं. सगळं नीट सांगितलं, "गेलेली किती" म्हटल्यावर मात्र काचेला लावून दोन बोटं दाखवली. बोटं सिस्टरला कशी दिसणार? मी म्हटलं, "तोंडानं सांगा." ती ओठातल्या ओठात "दोन" म्हणाली. मी सिस्टरला सांगितलं, "गेलेली दोन!"

झालं. बाकावरून तिची सासू उठली. "दोन? आम्हाला तर एकच म्हणून सांगितलंय. आधीचं कुठलं?" अख्खं बाक कान टवकारून ऐकतंय. शिंप्याची बायको पांढरीफटक. कार्ड न घेताच गेली, सासू मागून बोलत बोलत. आता घरच्यांना काय सांगायचं आणि काय नाही हा त्यांचा प्रश्न. मी बरोबर तेच सांगितलं. कार्ड ठेवून दिलंय, येईल पुढच्या महिन्यात.

१० फेब्रुवारी, मंगळवार

आकडा हलत नाही म्हणून मी स्वतः डोकं चालवलं. एक: रुग्णवाहिकेवरच्या कर्ण्यावरून तीन दिवस गल्लीगल्लीत सांगितलं, ज्यांना दिवस गेलेत त्यांनी मंगळवारी खिडकीवर यावं, लाजू नये. स्वतः बोलले. भाड्याच्या आवाजात ती धार कुठून येणार? दोन: खिडकीशेजारी फळा लावला, "वेळेवर आलेल्या जागरूक माता", आणि खाली अकरा जणींची नावं मोठ्या अक्षरांत. चांगल्याचं कौतुक झालं की बाकीच्यांना चुरस वाटते.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "नावं लावायच्या आधी त्यांना विचारलं होतं?" कौतुकाला परवानगी लागते हे मला नवीन.

फळ्यावर पहिलं नाव सूनबाईंचं लावायचं होतं. गेल्या वर्षीचं असलं म्हणून काय झालं, सहावा आठवडा म्हणजे सहावा आठवडा. जेवताना तिला हौसेनं सांगितलं. तिनं ताट पुढं सारलं आणि उठून गच्चीवर गेली. चिरंजीव म्हणाले, "आई, नको ना." दोघंही भलती हळवी. दहाव्या आठवड्यात ते गेलं त्यात नोंदणीचा काय दोष? रजिस्टरात तिच्या नावावर लाल रेघ मीच मारली, पट्टी लावून, सरळ. लोक विचारायचे, हेही खरं. पाववाल्यापासून बसच्या कंडक्टरपर्यंत सगळे वर्षभर चौकशी करायचे, कितवा लागला, अजून दिसत नाही. माणसं आपुलकीनं विचारतात. त्यात तोंड लपवण्यासारखं काय आहे?

१७ फेब्रुवारी, मंगळवार

एकही बाई आली नाही. एकही. बाकावर तापाचे चार पेशंट आणि बसवाले. फळ्यावरची दोन नावं कोणीतरी पुसून टाकलीत. ओल्या बोटानं पुसल्याच्या खुणा दिसतात.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

आता माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पुलापलीकडे त्रेसष्ट येतात कशा? येत नाहीत, लिहिल्या जातात! तिकडचा कारकून घुम्या म्हणून प्रसिद्ध आहे. मीटिंगला कधी तोंड उघडत नाही, चहा पितो आणि जातो. असली गप्प माणसंच कागदावर बायका जन्माला घालतात. शिवाय ऐकलंय की तो एकेका बाईला आत घेऊन दार लावतो. लाज नावाची गोष्ट आहे की नाही?

साहेबांना सविस्तर पत्र लिहिलं. खोटी नावं असावीत, दुसऱ्या भागातल्या बायका लिहून घेतल्या असाव्यात, बंद दाराआड कामकाज. तीन मुद्दे, एक पान. सही ठसठशीत.

२ मार्च, सोमवार

साहेबांचं उत्तर. "आपल्या भागातली प्रत्येक बाई आपल्याला तोंडपाठ असल्यानं आपणच जाऊन तपासणी करावी." शेवटी ओळखलं म्हणायचं कोणीतरी.

५ मार्च, गुरुवार

पुलापलीकडे जाऊन आले. दोन बस बदलाव्या लागतात, दुसरीत उभं राहावं लागलं. माझ्यासारख्या धट्टीकट्टीचे पाय भरून आले.

केंद्र आमच्याहून लहान. छताला गळतीचे डाग. व्हरांड्यात बाक आहे, पण खिडकीच नाही. एक खोली, तिला दार, आत जुना पंखा खडखडतोय. टेबलाला लागून दोन खुर्च्या, शेजारीशेजारी. एकीवर घुम्या. मी गेले तेव्हा दुसरीवर एक बाई बसली होती आणि तो तिच्याकडे झुकून बोलत होता. दार लोटलेलं. मनात म्हटलं, सापडलास.

बाई गेल्यावर मी दरडावून विचारलं, "दार कशाला लावता?" त्यानं गळ्यावर बोट ठेवलं. तिथं जुन्या ऑपरेशनचा व्रण आहे. आवाज असा नाहीच, नुसती हवा. म्हणाला, "पंख्यापुढं माझं ऐकू येत नाही बाई. म्हणून जवळ बसवतो. दार लोटलं की बाहेरची कलकल कमी होते." बस्स. एवढंच त्याचं गुपित. त्याला ना कसली योजना सुचली ना त्यानं कर्णा लावला. गळा गेला म्हणून बायकांची गर्दी!

रजिस्टर मागितलं. उघडलं आणि मला हर्षच झाला. अर्धी नावं पेन्सिलीनं लिहिलेली! सरकारी रजिस्टर आणि पेन्सिल! मी म्हटलं, "हे काय?" तो म्हणाला, "बारा आठवडे होईपर्यंत पेन्सिलीनं लिहितो. मग वरून शाई फिरवतो."

"का पण?"

"गेलं तर खोडता येतं. आकडा वेगळ्या वहीत ठेवतो, तो चुकत नाही. पण नावावर लाल रेघ मारावी लागत नाही. पुढच्या वेळी ती बाई परत आली आणि आपलं पान बघितलं, तर..." पुढचं पंख्यात गेलं. मी परत विचारलं नाही.

मी नावं वाचायला लागले. खोटं एकही नव्हतं. सगळ्या आमच्या गल्ल्यांतल्या, माझ्या तोंडपाठ. पाववाल्याची मुलगी, सातवा आठवडा. शाळेतली शिपाईण, नववा. शिंप्याची बायको, "गेलेली दोन", आणि पुढं बारीक अक्षरांत "सासूसमोर बोलू नये". माझ्याकडे तिचं कार्ड अजून तसंच पडून आहे. मी बोटानं एकेक ओळ मोजत होते. अकरा, बारा, तेरा.

चौदावं नाव आमच्या घरातलं आहे.

१५ जानेवारी. आठ आठवडे. आधीचं एक, गेलेलं एक. रक्तदाब जास्त, मीठ बंद, गोळ्या सुरू. निरोप कोणाला द्यायचा: फक्त नवऱ्याला. त्याखाली, "घरी चिठ्ठी पाठवू नये." नाव आधी पेन्सिलीनं लिहिलेलं, त्यावरून १२ फेब्रुवारीला शाई फिरवलेली. खालची पेन्सिल जराशी दिसते.

घुम्या म्हणाला, "ओळखीच्या आहेत?"

मी म्हटलं, "नाही." का म्हटलं देव जाणे. त्यानं रजिस्टर हळूच स्वतःकडे ओढून घेतलं.

६ मार्च, शुक्रवार

रागानं अंग जळतंय. दोन बस बदलून, उभ्यानं, असल्या तब्येतीत, परक्या माणसाच्या कानात सांगायला जाते, आणि घरात सासू हेच काम बावीस वर्षं करते! मुलगा बादल्या वाहतो आणि आईला थांग लागू देत नाही. घरातल्या घरात मी सोडून सगळ्यांना माहीत. तिच्या आईच्या गुडघ्यांनासुद्धा!

अहवाल दिला. जे डोळ्यांनी पाहिलं तेच लिहिलं. रजिस्टरात पेन्सिल, दुसऱ्या भागातल्या तेवीस बायका. एक शब्द खोटा नाही. या वहीत खरं लिहायचं ठरवलंय तर हेही लिहिते: मनात आलं, आता झक मारत माझ्याच खिडकीवर यावं लागेल.

घरी काही बोलले नाही. बघू किती दिवस लपवतात.

१६ मार्च, सोमवार

मी बोलत नाही, तेही बोलत नाहीत. जेवताना बरणी ठक्कन येते. आज मी मीठ घेतलं नाही. कोणाच्या लक्षात आलं नाही.

२२ मार्च, रविवार

सूनबाईंच्या चपला पायात जाईनात. चिरंजीवांच्या स्लिपर घालून फिरत होती. घोट्यांना सूज. मी विचारलं, "पायाला काय झालं?" म्हणाली, "उभं राहून काम पडलं." बावीस वर्षं सिस्टरच्या तोंडून ऐकतेय, रक्तदाब आणि सूज एकत्र आली की त्या बाईवरून नजर हलवायची नाही. तारीख चुकवू द्यायची नाही. मला सगळं ठाऊक आहे आणि तोंड उघडता येत नाही, कारण मला ठाऊक असायला नको आहे. काय ही गंमत.

२६ मार्च, गुरुवार

साहेबांचा आदेश आला. एक एप्रिलपासून प्रत्येक बाईनं आपापल्या भागाच्याच केंद्रात जायचं. तेवीस बायका आमच्याकडे वर्ग. साहेबांनी खाली स्वतःच्या हातानं लिहिलंय, "उत्तम तपासणी." डॉक्टरीणबाईंनी कागद वाचला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "यातल्या किती जणी इथं येतील असं वाटतं तुम्हाला?" मी म्हटलं, "नियम आहे. जातील कुठं?" त्या म्हणाल्या, "घरी बसतील."

आजच सूनबाईंची गुरुवारची फेरी होती. आता पंधरा दिवसांऐवजी दर आठवड्याला बोलावलंय असं चिरंजीवांशी बोलताना स्वयंपाकघरातून ऐकू आलं. पुढचा गुरुवार म्हणजे दोन एप्रिल.

साहेबांना फोन केला. तेवीस जणींना बाळंतपणापर्यंत तिकडेच राहू द्या म्हटलं. ते म्हणाले, "अहवाल तुमचाच आहे ना?" आणि फोन ठेवला.

२ एप्रिल, गुरुवार

मी मुद्दाम रजा घेऊन घरी थांबले होते. नऊला गेली, साडेअकराला परत आली. पलंगावर बसली, पर्स मांडीवर, स्लिपर पायात तशाच. मी पाणी दिलं. घेतलं नाही.

"तिथल्या दारावर कागद लावलाय, आई," म्हणाली. "एक तारखेपासून दुसऱ्या भागातल्या बायकांना बघणार नाहीत. त्या काकांनी हात जोडले मला. रक्तदाबसुद्धा बघता येत नाही म्हणाले. कागदाच्या खाली तुमचं पद लिहिलंय. नोंदणी कारकून यांच्या अहवालानुसार."

मी काहीतरी बोलायचं म्हणून बोलले, "मला सांगितलं असतंस तर..."

"सांगितलं होतं की. गेल्या वर्षी. पहिल्यांदा तुम्हालाच सांगितलं होतं, ह्यांच्याही आधी." ती आवाज न चढवता बोलत होती. ओरडली असती तर मला बरं पडलं असतं. "तुम्ही खिडकीतून सगळ्यांना सांगितलंत. आनंदानं सांगितलंत, मला कळतं ते. पण मग ते गेलं, आणि त्या सगळ्यांना उत्तर मी दिलं. पाववाल्याला दिलं. कंडक्टरला भर बसमध्ये दिलं. एक वर्षभर, आई. तुम्हाला विचारलं एकानं तरी?"

मला कोणी विचारलं नव्हतं. मला विचारायची कोणाची छाती आहे?

चिरंजीव संध्याकाळी आले आणि माझ्याशी बोलले नाहीत. बरोबर आहे. मी काय मूर्ख बाई आहे. स्वतःला हुशार समजणाऱ्या मूर्खासारखा दुसरा मूर्ख नसतो, आणि त्याला वर उत्तम तपासणीचा शेरा मिळतो.

६ एप्रिल, सोमवार

मी आणि झाडूवाली मावशी, दोघींनी मिळून सिस्टरचं टेबल ओढत खिडकीपाशी आणलं. जमिनीवर चार रेघा उमटल्या. आतल्या बाजूला एक खुर्ची ठेवली, दाराला पडदा. फळा उतरवला. जुन्या फॉर्मचं कपाट आता उघडत नाही. मावशीनं विचारलं, "त्यात काय आहे?" आठवेना. डॉक्टरीणबाई येऊन बघून गेल्या, एक शब्द बोलल्या नाहीत. मी असते तर चार ऐकवले असते.

७ एप्रिल, मंगळवार

तेवीसपैकी चार जणी आल्या. चार.

टोकन नंबर चार सूनबाईंचं. घरातून बरोबर निघायला तयार नव्हती, मागच्या बसनं आली. बाकावर इतरांसारखी बसून राहिली. पहिल्या तिघींना मी पडदा सारून आत बोलावलं, खुर्चीवर बसवलं. सवय नाही त्यांना. एकजण दोनदा म्हणाली, "मी काय केलं?" आत बोलावलं म्हणजे काही गुन्हा झाला असं वाटलं बिचारीला. मी हळू बोलायचा प्रयत्न केला. माझा हळू आवाजही काही फार हळू नाही, असं सिस्टरनं सांगितलं.

मग तिचा नंबर. मी पडद्यातून म्हटलं, "आत ये. बस."

ती आली नाही. खिडकीसमोर येऊन उभी राहिली, वाकलीसुद्धा नाही. "नको. इथूनच विचारा. नेहमीसारखं."

"अगं, लोक आहेत."

"लोक होतेच की."

आणि मग माझ्या खिडकीसमोर, दोन्ही बाकांना ऐकू जाईल अशा आवाजात तिनं एकेक करून सगळं सांगितलं. स्वतःचं नाव. नवऱ्याचं नाव. "वीस आठवडे. आधीचं एक. जगलेलं एकही नाही. गेलेलं एक. गेल्या वर्षी, दहाव्या आठवड्यात. आता कोणाला काही विचारायचं असेल तर आत्ताच विचारून घ्या." मागं वळून बाकाकडे बघितलं. बसवाले चपलांकडे बघत होते. शिंप्याची बायको टोकन दोनची, कार्ड घेऊन दारात थांबली होती. ती सूनबाईंच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

सिस्टर पेन उचलून माझ्याकडे बघतेय. बावीस वर्षांची सवय, मी परत सांगितल्याशिवाय तिचा हात चालत नाही. म्हणाली, "सांगा ना." मी म्हटलं, "तिनं सांगितलंय. लिहा."

लिहून झाल्यावर सिस्टरनं साहेबांची वही माझ्यापुढं सरकवली. वीस आठवडे म्हणजे उशिरा, आणि उशीर म्हटला की कारण. नियम मीच तिला शिकवलाय. खिडकीबाहेरून सूनबाईंना ती वही दिसत होती. "विचारा की," म्हणाली.

मी विचारलं. "उशीर का झाला?" माझा आवाज मलाच ऐकू आला नाही, घुम्यासारखा. तिला मात्र आला.

"मला उशीर झालेला नाही," ती म्हणाली. "आठव्या आठवड्यात गेले होते मी." आणि डॉक्टरीणबाईंच्या खोलीत निघून गेली.

रक्तदाब एकशे पन्नासावर शंभर. गोळ्या वाढवल्या, छापखाना बंद, आठवड्याला एकदा तपासणी, आणि सूज हातावर चढली तर त्याच क्षणी दवाखाना. बाळाचे ठोके चांगले आहेत. डॉक्टरीणबाईंनी मला ऐकायला बोलावलं. मी दारापर्यंत गेले, सूनबाईंकडे बघितलं. ती "या" म्हणाली नाही, "नको"ही म्हणाली नाही. मी दारातच उभी राहिले. तिथूनही ऐकू आले.

सगळे गेल्यावर दोन अर्ज लिहिले. एक साहेबांना, की तेवीस जणींना पुलापलीकडे परत जाऊ द्यावं. दुसरा, की गोदामात जायला माझी हरकत नाही. मग कारणांची वही उघडली. जानेवारीपासूनची चौतीस कारणं, सगळी माझ्या सुंदर अक्षरात. ठाऊक नव्हतं. वेळ नव्हता. लाजाळू. पस्तिसाव्या ओळीवर तिचं नाव लिहिलं, आठवडे वीस, आणि कारणाच्या रकान्यात माझं पद: नोंदणी कारकून. मग वर जाऊन "लाजाळू" खोडलं आणि तिथंही तेच लिहिलं. टेबलावर पेन्सिल होती. मी शाईनंच लिहिलं.